हिरव्या दोऱ्यातल्या पुतळ्या

१

खुशालनं खताच्या ढिगाखालून ती माळ काढून वर धरली, आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, जमलेली माणसं बघायला पुढं झुकली.

सोन्याच्या पुतळ्यांची माळ होती. मातीनं माखलेली, पण दोऱ्यात नीट ओवलेली.

"अगं माय!" गर्दीतून सुशिलाबाई पुढं आली. गावाच्या मालगुजाराची, केवळरामची ती बायको. तिनं माळ हातात घेतली, पदरानं पुसली आणि छातीशी धरली. "माझी आहे. माझ्या माहेरची आहे!"

पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी लग्नघाईच्या दिवसांत मालगुजाराच्या घरातून ही माळ नाहीशी झाली होती. आळ आला तो घरात धान कांडायला येणाऱ्या देवकाबाईवर. तळ्याच्या पायऱ्यांवर अख्ख्या गावासमोर तिचं गाठोडं सोडलं, तिला लुगड्याचा पदर झटकायला लावला. काही निघालं नाही. पण चोरटी हे नाव पडलं ते पडलंच. तेव्हापासून गावातल्या कोणत्याही कार्यात तिला माजघराच्या उंबऱ्याच्या आत कोणी घेतलं नव्हतं.

आणि आज माळ निघाली ती देवकाबाईच्याच बांधीतून, तिच्या धानाच्या खाचरातून.

"एक पुतळी कमी आहे," सुशिलाबाई म्हणाली. "माझ्या चैतरामनं लहानपणी चावली होती. दाताची खूण होती तिच्यावर. तीच नाही."

"इकली असन," मागून कोणीतरी बोललं.

केवळराम काठी टेकत पुढं आला. मालगुजारी जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी गाव त्याला मालकच म्हणत होतं. "आता काय बोलतेस वो देवका? गोंदियाले मानूस धाडतो. पोलीस जमादार येईपर्यंत पळून जाशील तर पाय मोडीन."

देवकाबाई धुऱ्यावर उभी होती. उन्हानं रापलेली, सुकलेल्या काटकीसारखी बाई. ती ना रडली, ना कुणाच्या पाया पडली. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि तिथंच तापलेल्या मातीवर मांडी घालून बसली.

"बलाव जमादाराले," ती म्हणाली. "पळून जायचं असतं तर पंधरा सालाआधी गेली असती. माझी बांधी, माझा धुरा. हे कोनं केलं ते समजल्याबिगर मी अथून उठत नाई. कोन उठवते मले, पायते मी."

खुशालच्या कानांवर अजून जमिनीतला धातू शोधायच्या मशीनचे चोंगे होते. ते त्यानं काढले. आपल्याच मशीननं या बाईच्या गळ्यात फास अडकवला, हे त्याला कळून चुकलं होतं.

२

खुशाल याच गावचा. लढाईत फौजेत होता, इटलीत सुरुंग काढायच्या कामावर. पेन्शनीत आल्यावर जबलपूरला लष्कराचा जुना माल लिलावात निघाला, तेव्हा त्यानं सुरुंग शोधायचं एक मशीन विकत घेतलं. लांब दांडी, दांडीच्या टोकाला लाकडी तबकडी, पाठीवर बॅटरीची पेटी आणि कानाला चोंगे. जमिनीत धातू असला की कानात गुणगुण वाढते. गावानं मशीनचं नाव भुंगा ठेवलं.

यंदा तळं तळापर्यंत आटलं होतं. आदल्या दिवशी सकाळी खुशाल भुंगा घेऊन गाळात उतरला. अर्ध्या तासात काठावर जत्रा भरली.

पहिला निघाला एक गंजका विळा, आणि सगळे हसले. मग पायऱ्यांजवळ भुंगा असा काही गुणगुणला की खुशालला बसूनच खणावं लागलं. भोसल्यांच्या अमलातली चांदीची नाणी निघाली, एकमेकांना चिकटून काळी पडलेली. पुढं तांब्याचे पैसे, एक बुगडी, मोती झडून नुसता सांगाडा उरलेली नथ. दुपारी एक तोरडी वर आली तशी गावातल्या मंगरूची म्हातारी आई गाळात धावत उतरली. नवी नवरी असताना पाणी भरायला आली होती, तेव्हा तिच्या पायातून ही तोरडी निसटली होती. सासूनं तिला त्यावरून मारलं होतं. म्हातारीनं गाळासकट तोरडी पायात अडकवली आणि काठावरच्या बायकांना म्हणाली, "सांगा आता माझ्या सासूले!" सासू मरून किती काळ लोटला होता. पण बायका हसता हसता डोळे पुसत होत्या.

असा तो दिवस गेला. बेवारस नाणी तहसीलदाराकडे जमा करायची आणि ज्याचा दागिना त्याला परत द्यायचा, असं खुशालनं ठरवलं. संध्याकाळी केवळरामनं त्याला ओसरीवर चहाला बोलावलं. तिथं सुशिलाबाई होती, केवळरामचा धाकटा भाऊ केशोराव होता आणि नाणी पाहायला गोंदियाहून आलेला चुन्नीलाल सोनार होता.

"उद्या आमच्या आंब्याच्या बारीत फिरव गा तुझा भुंगा," केवळराम म्हणाला. "आमच्या आज्यानं तथी काही पुरलं म्हनतात. केशो, फाटकाची किल्ली तुझ्यापाशी आहे ना? देजो याले."

"दुपारी येतो मालक," खुशाल म्हणाला. "सकाळी देवकामावशीले शब्द देला आहे. तिच्या नवऱ्याचं चांदीचं कडं बांधीत पडलं होतं म्हने, ते पायतो आधी."

कडं काही मिळालं नाही. मिळाली ती ही माळ.

३

धुऱ्यावरची गर्दी पांगल्यावर खुशाल देवकाबाईजवळ जाऊन बसला.

"मावशी, मले एक सांग. हे खत तू कधी टाकलं?"

"अक्तीच्या सणाआधी." तिनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. "तू बी इचारून राहिला का मले? जमादार झाला का तू?"

"मी सुरुंग काढले मावशी. सुरुंग जमिनीत आपोआप उगवत नाई. कोनी तरी पेरते. हा कोनं पेरला, ते पाहून राहिलो."

देवकाबाई जराशी सैल झाली. "दरसाल नांगर फिरते या मातीत. चार महिने पानी राहते. माळ पंधरा साल अथी असती, तर फाळाले नसती लागली का?"

हेच खुशालच्याही मनात आलं होतं. पण गाव म्हणणार होतं, आजवर घरात ठेवली आणि आता पुरली. त्याला आणखी काहीतरी हवं होतं.

तो मालगुजाराच्या घरी गेला. चुन्नीलाल सोनार ओसरीवर माळ उलटीपालटी करून पाहत होता आणि केवळराम त्याच्याकडंच संशयानं बघत होता.

"हा बी होता त्या दिवशी घरात," केवळराम खुशालला म्हणाला. "लग्नाच्या नथी घडवाले आला होता."

चुन्नीलाल भडकला. "अरे मालक, सोनार चोरी करेल तर माळ सालोसाल सांभाळून ठेवेल का? चार दिवसांत मूस चढवून पाटल्या केल्या असत्या. पंधरा साल तसंच ठेवणारा सोनार नसतो, भेकड असतो." मग त्यानं पुतळीच्या कडीत टाचणी घालून जराशी माती काढली आणि खुशालच्या तळहातावर ठेवली. "और ये देखो. बांधीतली माती काळी आहे. ही काय रंगाची आहे?"

माती पिवळी होती. मुरमाची.

खुशालनं सुशिलाबाईला विचारलं, "बाई, तेव्हा माळ कशात ओवली होती?"

"लाल रेशमाच्या गोफात. नागपूरच्या पटव्यानं ओवली होती." ती बोलता बोलता थांबली. माळ पुन्हा हातात घेऊन बघायला लागली. "हा दोरा माझा नाही. हा तर सुती आहे. हिरवा."

"बिडीचा दोरा आहे," केवळराम म्हणाला. "पाय! देवका केशोच्या कारखान्यात बिड्याच वळते. तिच्या सुपातला दोरा आहे तो. आता तरी पटलं का तुले?"

पुरावा देवकाबाईच्याच अंगावर येत होता.

४

केशोरावचा बिडीचा कारखाना म्हणजे कौलारू पडवी होती. बायका मांडीवर सूप घेऊन तेंदूपानात तंबाखू वळत होत्या, आणि प्रत्येकीच्या सुपात हिरव्या दोऱ्याची गुंडी होती. केशोराव नागपूरला शिकलेला, मऊ बोलणारा माणूस. देवकाबाईला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा यानंच तिला आपली बांधी ठोक्यानं, म्हणजे ठरलेल्या खंडावर, कसायला दिली, बिड्यांचं काम दिलं. गाव त्याला देवमाणूस म्हणत होतं.

"बैठो भैया," तो म्हणाला. "बहुत बुरा हुआ. पण म्हातारी आहे. मी दादांना समजावतो, जमादाराकडे जायचं नाही. तिनं फक्त कबूल करावं. मिटवून टाकू."

"तिनं केलंच नसन तर?"

"अरे, तिच्या जमिनीत निघाली ना?" केशोराव हळहळला. "मला तर फार वाईट वाटतं. मी आयुष्यभर तिला सांभाळलं."

खुशाल उठला. पडवीच्या टोकाला वच्छला नावाची बिडी वळणारी बसली होती. ती बोटांना लागलेला हिरवा रंग पदराला पुसत होती.

"रंग सुटते का वो याचा?" त्यानं सहज विचारलं.

"सुटते ना! आधीचा लाल दोरा बरा होता. होळीपासून हा हिरवा आणला मालकानं. पानी लागलं की बोटं हिरवी होतात."

खुशाल जागीच थांबला. मग जवळजवळ पळतच मालगुजाराच्या घरी गेला, माळ मागून घेतली आणि उजेडात धरली. पुतळ्यांच्या कड्यांत, दोऱ्याला लागून, नुसती पिवळी माती होती. हिरव्या रंगाचा एक ठिपका कुठं दिसत नव्हता. या दोऱ्यानं पाणीच काय, ओलसुद्धा पाहिली नव्हती.

"मालक," तो केवळरामला म्हणाला, "तुमची बारी राहिली आहे. आत्ताच चला. बाईलेही घ्या, केशोरावलेही बलावा. आन् देवकामावशीले मी आनतो."

देवकाबाई मात्र धुऱ्यावरून उठायला तयार नव्हती. "मी म्हनलं ना, समजल्याबिगर उठत नाई."

"समजलं मावशी," खुशाल म्हणाला. "म्हनूनच उठ."

५

बारीला चहूकडून भिंत होती. आत आंबे, पेरू आणि कोपऱ्यात जुनी विहीर. केशोरावनं फाटक उघडलं, पण वाटेत उभा राहिला.

"आता याची काय गरज आहे दादा? माळ मिळाली. भरदुपारी लोकांना कशाला तळायचं?"

"काऊन?" केवळराम म्हणाला. "आज्याचं धन मिळालं तर तुले नको का? सरक बाजूले."

खुशालनं चोंगे कानाला लावले. आंब्याखालून गेला, काही नाही. विहिरीच्या काठाकडं वळला तसा भुंगा जागा झाला. पिवळा मुरूम होता, त्यावर वाळकी पानं पसरली होती. सगळीकडं पानं वाऱ्यानं आली होती, इथं ती हातानं टाकल्यासारखी दाट होती. खुशालनं ती बाजूला केली. खालची माती भुसभुशीत निघाली.

दोन हात खणल्यावर गंजलेला पत्र्याचा डबा लागला. डबा मातीला धरून बसला होता, झाकण नुसतंच वर ठेवलेलं. आत लाल रेशमाच्या कुजक्या धाग्यांचा चिखल होता. खुशालनं बोटानं गंज खरवडला आणि बुडाला चिकटलेली एक पुतळी काढून सुशिलाबाईच्या हातावर ठेवली.

तिनं पदरानं ती घासली. कडेला दोन बारीक खड्डे होते.

"चैतरामचे दात," ती म्हणाली आणि तिथंच मुरमावर बसली.

केवळरामचं तोंड उघडंच राहिलं. मग खुशाल बोलला.

"माळ एवढी साल अथी होती. रेशीम कुजलं, पुतळ्या सुट्या झाल्या. ज्यानं पुरली, त्याले कधी काढाची गरजच नव्हती. काल संध्याकाळी मालक म्हनले, उद्या बारीत भुंगा फिरव. तेव्हा त्याची झोप उडाली. डबा मातीत रुतलेला, म्हनून पुतळ्या हातानं उपसल्या. एक गंजाले चिकटून राहिली, ती दिसली नाई. सुट्या पुतळ्या बांधीत टाकल्या असत्या तर लोक म्हनले असते, जुनी नानी आहेत. माळ म्हनून ओळखू यावी यासाठी ओवल्या, हाताशी होता त्या दोऱ्यात. तो दोरा होळीनंतरचा आहे. त्याले ओल लागली की रंग सुटते; खताखाली ओल राहतेच, आन् यानं रंग सोडलाच नाई. म्हनजे माळ बांधीत एक दिवसही जुनी नाई."

"दोरा तर देवकाजवळही आहे," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"आहे ना. पन या भिंतीच्या आतली किल्ली नाई. आन् आपल्याच बांधीत मशीन बलावून, आपल्याच बांधीत चोरीचा माल कोन पुरते?" खुशाल सगळ्यांकडं वळला. "सकाळी आधी बांधीत जातो, हे मी काल ओसरीवर म्हनलो तेव्हा तथी चार जन होते. चुन्नीलाल शेठनं माळ आधीच वितळवली असती. मालकानं स्वतःच मले बारीत बलावलं, पुरली असती तर बलावलं असतं का? बाईनंच मले सांगितलं की दोरा बदलला, पुतळी कमी आहे. ज्याले लपवाचं आहे तो हे कायले सांगन?"

आता चौथ्याचं नाव घ्यायची गरज नव्हती. सगळे केशोरावकडं बघत होते. त्याच्या हातातली फाटकाची किल्ली खाली पडली.

"दादा," तो म्हणाला, "मला कारखाना काढायचा होता. तुम्ही नाही म्हणालात. मी घेतली, विकायच्या आधीच बोंब झाली. सगळ्या सोनारांना खबर गेली. मग परत कशी द्यायची?" त्यानं देवकाबाईकडं पाहिलं. "मी तुला उपाशी नाही राहू दिलं देवका. बांधी दिली, काम दिलं. ती बांधी मी आजच तुझ्या नावावर..."

"चूप!" देवकाबाई म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता.

"बांधी मी कसली. माझे पाय सडले तिच्या पान्यात. ती मी कायद्यानं घेईन, तुझ्या हातून नाई. मले वाटे, एक तरी मानूस आहे या गावात जो मले चोर मानत नाई. तू मले चोर मानत नव्हता, कारन तुले ठाऊक होतं!"

केशोरावनं मान खाली घातली. केवळराम पुढं आला. एका दुपारीत तो म्हातारा झाल्यासारखा दिसत होता.

"देवका, झालं ते झालं. घरातली गोष्ट आहे, घरात मिटवू. चल, ओसरीवर बस. बाई तुले लुगडं नेसवन."

"घरात?" देवकाबाईनं मान वर केली. "माझं गाठोडं घरात सोडलं होतं का मालक? तळ्याच्या पायऱ्यांवर सोडलं होतं. तथीच चला."

"लोक जमतील..."

"तेव्हाही जमले होते. आन् जमादार येऊन राहिला ना? येऊ द्या. त्यालेही तथीच बलावा."

केवळरामनं बायकोकडं पाहिलं. सुशिलाबाई उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "ती बरोबर बोलून राहिली. चला."

ऊन कलायला लागलं होतं. आटलेल्या तळ्याच्या पायऱ्यांवर गाव जमलं, पडवीतल्या बिड्यावाल्या बायका सूप टाकून आल्या. पोलीस जमादारही गोंदियाहून सायकलनं येऊन पोचला आणि काय चाललंय ते न कळून एका बाजूला उभा राहिला. देवकाबाई वरच्या पायरीवर बसली. केवळराम खालच्या पायरीवर उभा राहिला. या गावात त्याला कोणाच्या खाली उभं राहिलेलं आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

"माळ देवकानं चोरली नव्हती," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," देवकाबाई म्हणाली. "त्या दिवशी तुमचा आवाज पल्याडच्या काठावर गेला होता."

केवळरामनं घसा साफ केला. "माळ देवकाबाईनं चोरली नव्हती! माझ्या भावानं चोरली. आम्ही तिच्यावर खोटा आळ घेतला!"

शब्द कोरड्या तळ्यावरून पलीकडं गेले. सुशिलाबाई पायऱ्या चढून आली आणि देवकाबाईच्या पायाला हात लावायला वाकली, तर देवकाबाईनं पाय मागं घेतले.

"आज नको बाई," ती म्हणाली. "आज माझ्या अंगात लय राग आहे. तो मले पुरा येऊ दे."

मग तिनं जमादाराकडं बघून केशोरावकडं बोट केलं. "घेऊन जा त्याले. मी माफ नाई केलं. लिहून घ्या तसं."

जमादार केशोरावला घेऊन निघाला. सावल्या लांब झाल्या, घराघरांत चुली पेटायची वेळ झाली. पण देवकाबाई पायरीवर ताठ बसून होती, आणि ती उठेपर्यंत गावातलं एकही माणूस घरी गेलं नाही.